ऱ्योकामी एका दिवसात: जपानमधल्या आडवाटेच्या डोंगराचं नियोजन

तोक्यो आणि आसपास राहणारी आपली बरीच मंडळी सह्याद्रीत भरपूर भटकून आलेली असतात. पाय तयार असतात, दम असतो. चुकतं ते नियोजन, आणि ते दरवेळी साधारण एकाच पद्धतीनं चुकतं. शनिवारी सकाळी उठायचं, जमेल ती गाडी पकडायची, दहा-साडेदहाला पायथ्याला पोचायचं आणि "बघू कितपत होतंय" म्हणत चढायला लागायचं. दोन वाजता माथा अजून तासभर लांब असतो. साडेचारला झाडीत दिसेनासं होतं. खाली येईपर्यंत शेवटची बस गेलेली असते.

राजगडावरून उतरायला उशीर झाला तर गुंजवण्यात कुणाच्या तरी पडवीत पथारी पडते, भाकरी-पिठलंही मिळतं. जपानच्या आतल्या डोंगरांत ही सोय नाही. पायथ्याची वाडी म्हणजे चार घरं, त्यातली दोन बंद. वाटेत गुराखी भेटत नाही. म्हणून इथं "बघू" चालत नाही. सगळं घरी बसून ठरवावं लागतं.

उदाहरणाला सैतामा प्रांतातला ऱ्योकामी घेतो. चिचिबु भागातला हा डोंगर १,७२३ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पाऊणशे मीटर जास्त. नावाजलेला आहे, पण तिथं पोचणं अवघड असल्यामुळे सुट्टीचे मोसमी दिवस सोडले तर शांत असतो. ओढे, कातळावर धरून चढायला लावलेल्या लोखंडी साखळ्या, तुटपुंजी बससेवा, अस्वलं, मोबाइलला रेंज नसलेली दरी असं सगळं इथं एकत्र सापडतं. इथलं नियोजन जमलं की दुसऱ्या डोंगराचंही जमेल.

१. आधी वाट ठरवा, आणि एकच ठरवा

पहिल्यांदा जाणाऱ्यानं हिनाता-ओया या वाडीतून जाणारी वाट घ्यावी आणि त्याच वाटेनं परत यावं. सुरुवात सुसुकी नावाच्या ओढ्याच्या काठाकाठानं होते. ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो. मग कियोताकी ही बिनमाणसांची आसरा-झोपडी, पुढे साखळ्यांचा चढ, ऱ्योकामी देऊळ आणि शेवटी खडकाळ, अरुंद माथा. देवळापुढे सिंहांऐवजी लांडग्यांची जोडी राखणीला बसलेली दिसेल. ती दिसली की माथा अर्ध्या-पाऊण तासावर आला.

बाकीच्या वाटा नकाशावर जवळच्या दिसतात आणि तिथंच माणसं फसतात. उत्तरेची हाच्चो धार म्हणजे साखळ्यांमागून साखळ्या. तिथं कातळावर सरावलेले हात लागतात. शिराइसासूची वाट खासगी जमिनीतून जाते, मालकाच्या आगाऊ परवानगीशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नाही. सात धबधब्यांच्या घळीतली वाट तर उतरायला घेऊच नका. २०१० च्या ऑगस्टमध्ये एकटा गेलेला एक जण उतरताना त्या घळीत कोसळला, पायाचं हाड मोडलं, आणि जिवंत सापडायला सुमारे दोन आठवडे लागले. तो नेमका कोणत्या वाटेनं गेलाय हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याला एका वाटेनं चढून दुसरीकडे उतरायची हौस असते. इथं पहिल्या खेपेला ती आवरा. चढताना पाहिलेली वाट उतरताना ओळखीची होते, आणि थकलेल्या माणसाला त्याचाच आधार असतो.

तपासा: ठरवलेली वाट आज खुली आहे का? वादळी पावसात दरड कोसळली, लाकडी पूल वाहून गेला की वाट महिनोन् महिने बंद राहते. २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या हागिबिस तुफानानं या पट्ट्यातल्या कितीतरी वाटा मोडल्या होत्या. पायथ्याच्या ओगानो नगरपालिकेचं संकेतस्थळ आणि यामाप किंवा यामारेको या ॲपवरच्या गेल्या दोन आठवड्यांतल्या नोंदी बघा. "त्सूकोदोमे" म्हणजे वाट बंद. हा शब्द जपानी लिपीत कसा दिसतो त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. तसाच "कुसारिबा" म्हणजे साखळ्यांची जागा, "मिझुबा" म्हणजे पाणवठा, "हिनान-गोया" म्हणजे आसरा-झोपडी.

२. तारीख

एप्रिलअखेर ते मे मध्य, जेव्हा आकायाशिओची गुलाबी फुलं येतात, किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरची सुरुवात, जेव्हा पानं रंगतात. हे दोनच काळ धरा. जून ते जुलै मध्य पावसाळी, ओढे फुगलेले. ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात आणि साखळीला लोंबकळत असताना वीज ही कल्पनाही नको. हिवाळ्यात साखळ्यांखालचा कातळ गोठतो.

शांतता हवी असेल तर मधल्या वारी रजा टाका. पण मग बसचं मधल्या वारांचं वेळापत्रक वाचा. "हेइजित्सु" म्हणजे कामाचे दिवस, "दोनिची" म्हणजे शनिवार-रविवार. रकाना चुकीचा वाचणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे.

३. उलटा हिशोब

हा टप्पा घाईनं उरकू नका, बाकी सगळं याच्यावर उभं आहे. आपण निघण्याच्या वेळेपासून मोजत पुढे जातो. इथं अंधारापासून मोजत मागे यायचं.

२५ ऑक्टोबर धरू. या भागात त्या दिवशी सूर्य पाचच्या थोडा आधी मावळतो. डिसेंबरात तर साडेचारच्या सुमाराला. पुण्या-मुंबईचे सहा वाजताचे संध्याकाळचे आडाखे डोक्यातून काढून टाका. त्यात ही वाट दरीतून जाते, वर देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांची दाट लावणी. तिथं सूर्यास्ताच्या तासभर आधीच अंधारून येतं.

म्हणून नियम: सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याला. म्हणजे दुपारी ३.

आता चालण्याचा वेळ. "यामा तो कोगेन चिझु" या छापील नकाशांवर प्रत्येक टप्प्याचे तास-मिनिटं दिलेली असतात. ऱ्योकामीला हिनाता-ओयाहून वर जायला साधारण चार तास, उतरायला तीन. या आकड्यांत विश्रांती धरलेली नसते. चांगल्या हवेत, कोरड्या वाटेवर, न थांबता चालल्याचा तो वेळ. त्यात फोटो नाहीत, डबा नाही, साखळीखाली पुढच्या माणसाची वाट बघणं नाही.

तर: चालणं ७ तास, थांबणं १ तास, अडीअडचणीला १ तास. एकूण ९. तीनमधून नऊ वजा केले की सकाळी ६. त्या दिवशी सूर्य सहाच्या जरासा आधी उगवतो, म्हणजे उजाडलं की निघायचं.

यातूनच तिसरी वेळ निघते, परतीची. खाली यायला तीन तास अधिक अर्धा तास विश्रांती. म्हणून ११.३० ला जिथं असाल तिथून मागे फिरायचं, मग माथा समोर दिसत असला तरी. ही वेळ कागदावर लिहा आणि सोबतच्या प्रत्येकाला आदल्या दिवशी सांगा. डोंगरावर गेल्यावर ती ठरवायला बसलात तर ठरत नाही. "आलोच आहोत तर" हे वाक्य कुणीतरी म्हणतंच.

सावध: गटाचा वेग हा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग. नवीन माणूस असेल तर छापील वेळेची सव्वापट धरा. बेरीज बसली नाही तर डोंगर बदला.

४. पोचायचं कसं

हिशोबानं सहाला पायथ्याशी उभं राहायचं ठरवलं, आणि इथं बहुतेकांचा बेत मोडतो. तोक्योच्या इकेबुकुरो स्थानकातून सेइबु-चिचिबुला जलद गाडीनं सुमारे ऐंशी मिनिटं लागतात. तिथून बस, मग ओगानो नगरपालिकेची दुसरी बस. दिवसातल्या फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. सकाळी कितीही लवकर निघालात तरी सार्वजनिक वाहनानं सहाला हिनाता-ओया गाठता येत नाही.

म्हणून आदल्या रात्री चिचिबु किंवा ओगानोत मुक्काम करा आणि पहाटेची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. छोट्या गावात पहाटे पाचला टॅक्सी उभी नसते, फोन करूनही येईलच असं नाही. मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं तर बहुतेक वेळा तेच बोलून देतात. एका दिवसाच्या चढाईला दीड दिवस देणं पटत नाही अनेकांना. पण मला विचाराल तर हाच खर्च सगळ्यात सार्थकी लागतो.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर भारतातून आलेल्यांनी १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत आणावा. नुसता भारतीय परवाना चालत नाही. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते.

परतीला मात्र बस चालते. शेवटची बस आणि तिच्या आधीची, दोन्हींच्या वेळा कागदावर लिहा. बेत आखायचा तो आधीच्या बसचा. शेवटची बस चुकली तर काय, यासाठी टॅक्सीचा नंबर.

५. तोझान तोदोके: जाण्याआधीची नोंद

म्हणजे चढाईचा लेखी बेत. कोण जातंय, कोणत्या वाटेनं, कधी निघणार, कधी उतरणार, सोबत काय आहे, वाट सोडावी लागली तर कुठून उतरणार. पायथ्याशी त्यासाठी पेटी असते, पण कॉम्पास या ऑनलाइन सेवेवर आदल्या दिवशी भरणं उत्तम. जपानमधल्या पर्वत मार्गदर्शकांची संघटना ती चालवते. ठरलेल्या वेळेपर्यंत तुम्ही "उतरलो" असं कळवलं नाही तर तुम्ही दिलेल्या माणसाला सूचना जाते.

आपल्या लोकांची इथली चूक ठरलेली: संपर्कासाठी पुण्यातल्या आईवडिलांचं नाव. रात्री त्यांना संदेश गेला तर ते काळजी करण्यापलीकडे काय करणार? त्यांना जपानी पोलिसांशी बोलता येणार नाही, डोंगराचं नावही सांगता येणार नाही. जपानमध्ये राहणारा, जपानी बोलणारा माणूस द्या. ऑफिसमधला सहकारी, शेजारी, मित्र. त्याला आधी विचारा, नोंदीची प्रत पाठवा आणि स्पष्ट सांगा: "रात्री आठपर्यंत माझा निरोप आला नाही तर ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन कर."

सोबत डोंगरचढाईचा एक दिवसाचा विमा काढा. काहीशे येनांत मिळतो. सैतामा प्रांतात २०१८ पासून ऱ्योकामीसह ठरावीक डोंगरांच्या माथ्याभोवती प्रांताच्या हेलिकॉप्टरनं सोडवलं तर उड्डाणाचे पैसे आकारतात. आधी दर पाच मिनिटांना ५,००० येन होते, २०२४ पासून ८,००० झाले.

६. सॅक

सगळी यादी देत नाही, सह्याद्रीत फिरणाऱ्याला ती पाठ असते. वेगळं काय तेवढंच सांगतो.

हेडटॉर्च, सकाळी निघून दुपारी परतणार असलात तरी. फोनचा उजेड चालत नाही, साखळीवर दोन्ही हात लागतात.

पावसाचा दोन भागांचा सूट, वर आणि खाली वेगळा. पाँचो साखळीच्या जागी पायात येतो आणि वाऱ्यात डोळ्यांवर येतो. आपल्याकडे भिजणं म्हणजे मजा. इथं ऑक्टोबरात हजार मीटर वर चढलात की तापमान सहा अंशांच्या आसपास उतरतं, त्यात ओले कपडे आणि वारा मिळून माणूस गारठून आडवा होतो. याच कारणासाठी सुती टी-शर्ट नको.

पकड असलेले हातमोजे, कातळासाठी हेल्मेट, अस्वलासाठी घंटा. घंटेकडे नवखे दुर्लक्ष करतात. चिचिबुच्या डोंगरांत काळी अस्वलं आहेत, आणि २०२३-२४ या वर्षात जपानभर अस्वलांच्या हल्ल्यांत दोनशेहून जास्त माणसं जखमी झाली. ओढ्याच्या आवाजात घंटा ऐकू जात नाही, तिथं मोठ्यानं बोलत चला. १५ नोव्हेंबरला शिकारीचा मोसम सुरू होतो, तेव्हा भडक रंगाचं जाकीट घाला.

खाणं घरून. शाकाहारी असाल तर दुकानातल्या ओनिगिरीवर, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर, विसंबू नका. आत उमे हे आंबट खारवलेलं फळ असलं तरी भाताला माशाचा अर्क लागलेला असू शकतो, आणि शेवटच्या गावानंतर दुकानही नाही. पोळी थंडीत कडक होते. दुधात भिजवलेल्या दशम्या मऊ राहतात. त्यासोबत शेंगदाण्याची चटणी, आणि खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की, कारण साखळ्यांच्या आधी पटकन तोंडात टाकायला काहीतरी लागतं. एका जेवणाएवढं जास्तीचं घ्या आणि ते परत आणायचं या हिशोबानंच घ्या. पाणी दोन लिटर. कियोताकी झोपडीच्या अलीकडे कोबोची विहीर म्हणून झरा आहे, पण तो धरून चालू नका.

कचरा पूर्ण परत आणायचा. टिश्यूसुद्धा. त्यासाठी पिशवी ठेवा.

७. आदली संध्याकाळ

तपासा, याच क्रमानं:
हवामान, आणि तेही चिचिबु शहराचं न बघता डोंगराचं. "तेंकि तो कुरासु" या संकेतस्थळावर डोंगरनिहाय ए, बी, सी अशी श्रेणी असते. सी असेल तर बेत रद्द.
गेल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला का? झाला असेल तर आज ऊन असलं तरी ओढा अडवेल.
नकाशा ऑफलाइन उतरवून घेतला का? घरी विमान मोड लावून उघडून बघा. छापील नकाशा वेगळा.
टॅक्सी पक्की? कॉम्पासची नोंद झाली?

८. चढताना

निघताच फोन विमान मोडवर टाका. दरीत रेंज शोधत बसून बॅटरी दुपारपर्यंत संपते. जीपीएस विमान मोडमध्येही चालतं.

पहिल्या पाऊण तासात एक फाटा येतो. सात धबधब्यांची घळ तिथून फुटते. इथं थांबून नकाशा उघडा, अगदी खात्री असली तरी. पुढे ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याकडे येत असेल आणि तळ दिसत नसेल तर चढाई तिथंच संपली.

फितींबद्दल नीट समजून घ्या. झाडांना बांधलेल्या गुलाबी-लाल फिती बऱ्याचदा वाट दाखवतात, पण जंगल खात्याचे आणि मोजणीवाले लोकही तशाच फिती बांधतात. मी एकदा दुसऱ्या एका डोंगरावर अशा फितींमागे वीस मिनिटं चालत गेलो आणि वाट एका कापलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी संपली. फीत दिसली की पायाखाली बघा: माती दबलेली आहे का? वाटेत आडवा टाकलेला ओंडका, दोरी किंवा कातळावरची फुली म्हणजे इकडे येऊ नका. ओंडका ओलांडून जायची आपल्याला सवय असते, इथं तो मुद्दाम ठेवलेला असतो.

कियोताकीला पोचल्यावर घड्याळ बघा. उरलेली चढण साधारण दीड-पावणेदोन तासांची आहे. दहा वाजून गेले असतील तर माथ्याचा विचार सोडा, झोपडीपाशी डबा खा आणि परता.

साखळीवर एका वेळी एकच जण. भार पायांवर, साखळी तोल सावरायला. सगळं वजन साखळीवर टाकलं की पाय कातळावरून सुटतात आणि माणूस लोलकासारखा फिरतो. दगड सुटला तर "राकू!" असं ओरडायचं. वरून हा शब्द ऐकलात तर वर बघू नका, कातळाला चिकटा.

९. उतरताना, आणि वाट चुकलीच तर

माथ्यावर वीस मिनिटं पुरे. जागा अरुंद आहे आणि मागचा माणूस वाट बघत असतो. हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो.

उतरताना साखळ्यांकडे तोंड करून उतरा. साखळ्या संपल्या की लक्ष सैल पडतं आणि घसरणं तिथंच होतं, सोप्या वाटेवर, ओल्या पानांवर.

२०२३ मध्ये जपानच्या डोंगरांत ३,५६८ माणसं संकटात सापडली. त्यांतली सुमारे एक तृतीयांश वाट चुकलेली. चुकल्यावर आपला सह्याद्रीतला हात काय सांगतो? ओढा धरा, ढोरवाट लागेल, खाली गाव येईल. इथं ढोरवाट नाही, कारण गुरंच नाहीत. ओढा धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो, आणि मग खाली जाता येत नाही, वरही चढवत नाही. म्हणून शेवटची खात्रीची खूण जिथं पाहिली तिथं परत जा. ती सापडली नाही तर वर, धारेकडे जा. धारेवर वाट सापडण्याची शक्यता असते, रेंज मिळण्याची असते, आणि शोधणाऱ्यांना वरून दिसताही.

उजेड कमी होत असेल तर चालणं थांबवा. सगळे कपडे अंगावर चढवा, पावसाचा सूटही, सॅकवर बसा. जखम किंवा अडकणं असेल तर ११०. पोलिसांना ॲपमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवता यायला हवेत, ते ॲपमध्ये कुठं दिसतात हे घरीच शोधून ठेवा. फोन लागल्यावर जागा सोडू नका.

१०. पायथ्याला पोचल्यावर

विमान मोड काढा. रेंज आली की कॉम्पासवर "गेझान", म्हणजे उतरल्याची नोंद करा आणि तुमच्या माणसाला निरोप पाठवा. रेंज नसेल तर बसमध्ये बसल्यावर पहिलं काम तेच. पुष्कळ जण गरम पाण्याच्या कुंडात डुंबून, गाडीत झोपून, रात्री दहाला घरी पोचल्यावर फोन बघतात. तोवर मित्रानं ११० फिरवलेला असतो.